गेलेल्यांच्या डिस्का

ओसमेल आर्तेचेच्या घरी गेलेल्या माणसाला बसायला खुर्ची मिळेलच असं नव्हतं, पण कॉफी मिळायची आणि कॉफीबरोबर डिस्कांवरचं प्रवचन. प्रवचन चुकवून नुसती कॉफी पिऊ शकलेली व्यक्ती मातान्सास शहरातल्या त्या चढावरच्या गल्लीत एकच, ओसमेलची सासू, आणि तिला ऐकू येत नव्हतं.

ओसमेल साखर खात्याच्या प्रांतिक कचेरीत संगणक सांभाळायचा. साखर कारखाने एकेक करून बंद पडले, कचेरी आटत गेली, तरी हा आपला तिथेच. काम उरलं नाही तेव्हा वाचन वाढलं. कचेरीत लिनक्स आलं तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली. याने मात्र ते घरी आणलं, जशी माणसं भटकं कुत्रं घरी आणतात तसं, बायकोला न विचारता. पुढच्या खोलीत, मरियममातेच्या फळीखाली, झाकण नसलेला एक संगणक आणि त्याच्या तोंडावर घरातला एकुलता एक पंखा. पंखा डिस्कांना. बायको नेरेइदा आतल्या खोलीत पुठ्ठ्याने वारा घ्यायची.

"मला एक डिस्क म्हणून जन्माला घालायला हवं होतं," ती म्हणायची. "निदान गार तरी राहिले असते."

आता या डिस्का आल्या कुठून? गल्लीतून निघून गेलेल्यांच्या. जाणारा माणूस घर विकतो, फ्रीज विकतो, डुलखुर्ची मावशीला देतो. पण लग्नाच्या फिती, बाळंतपणाचे फोटो, मेलेल्या आजोबांचा आवाज हे सगळं विकत कोण घेणार? आणि विमानतळावर बॅगेत काय शोधतील याचा नेम नाही. तेव्हा शेवटच्या दिवशी माणूस ओसमेलच्या दारात यायचा, डिस्क त्याच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचा, "सांभाळ हं." ओसमेल दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहून ती पट्टी डिस्कवर चिकटवायचा. मग दोघं मिठी मारून रडायचे. गेलेल्या माणसाची पट्टी राहायची.

ठेवीच्या बाबतीत गल्लीचा कायदा कडक. ठेव मागितली की तीच वस्तू द्यायची, त्याच क्षणी, कारण न सांगता. समोरच्या काचाबाईंनी एका शेजारणीचा प्रेशर कुकर वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. स्वतःचा कुकर फुटला तेव्हा त्या पातेल्यात राजमा शिजवत बसल्या, पण त्या कुकरला हात लावला नाही. मालकीण परत आली तेव्हा कुकर त्याच वर्तमानपत्रासकट दिला. ही गोष्ट काचाबाई डुलखुर्चीत बसून आठवड्यातून एकदा तरी सांगायच्या, आणि सांगताना ओसमेलच्या दाराकडे बघायच्या.

कारण ओसमेलने ठेवींना हात लावला होता. डिस्का नुसत्या कपाटात ठेवल्या की मरतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने त्या जोडीजोडीने संगणकात बसवल्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही लिहिलं जायचं. एक मेली तरी दुसरी सगळं सांभाळून उभी. तो याला आरसा म्हणायचा. पण लहानलहान आरशांत सगळ्या गल्लीचं सामान मावेना, म्हणून जोड्यांच्या वर त्याने आणखी एक करामत केली. जोड्या एकमेकींना जोडून त्यांचं एकच मोठं भांडं केलं. काय कुठल्या जोडीत आहे याचा विचारच करायचा नाही, भांड्यात टाकायचं आणि मोकळं व्हायचं. भांडं भरलं की खाली आणखी एक जोडी लावायची, भांडं वाढतं.

नेरेइदाने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आधी एकाचे दोन करायचे, मग दोनाचं एक करायचं. तोवर कॉफी उतू गेली बघ."

खरोखरच गेली होती.

मुलगी याइमा पंधरा वर्षांची झाली तेव्हाचा समारंभ गल्ली अजून विसरलेली नाही. पंधरावं म्हणजे आपल्याकडे मुलीचं अर्धं लग्नच. भाड्याचा फुगीर झगा, चुलत भावाच्या अंगणात अख्खं डुक्कर, आणि ओसमेल कचेरीतला कॅमेरा घेऊन सकाळपासून सगळ्यांच्या पायात. संध्याकाळी ऐन वॉल्ट्झच्या वेळी वीज गेली. पाहुण्यांनी एकसुरात शिवी दिली. तेवढ्यात काळोखात नेरेइदाचा आवाज आला. ती तोंडानेच वॉल्ट्झ गाऊ लागली, ला-रा-ला, बेसूर, मोठ्याने, आणि टाळ्या वाजवायला लावल्या. फोनच्या दिव्यांत पोरगी नाचली. वॉल्ट्झ संपल्यावर नेरेइदा कॅमेऱ्याच्या तोंडासमोर आली आणि म्हणाली, "ठेव ते खाली, ओंडक्या, आणि नाच माझ्याबरोबर." ओसमेलने कॅमेरा केकच्या टेबलावर ठेवला. बंद करायला विसरला. म्हणून नवराबायको दोघंही एकत्र असलेली जगातली ती एकमेव फीत. बाकी सगळीकडे हा कॅमेऱ्यामागे आणि ती स्वयंपाकघरात.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्या फिती भांड्यात ओतू लागला. सकाळ गेली, डुक्कर गेलं, पाहुण्यांचं येणं गेलं, आणि भांडं काठोकाठ भरलं. ओसमेलच्या अंगात आलं. त्याने नेरेइदाला हाताला धरून संगणकापुढे बसवलं. नुकत्याच समुद्रापलीकडे हायलीआला गेलेल्या ओरेस्तेसची डिस्क आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची डिस्क अशी नवी जोडी त्याने बांधली आणि भांड्याखाली लावली. भांडं तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट झालं, एकही फीत न हलता. वॉल्ट्झ आणि त्यापुढचं सगळं त्या नव्या जोडीत जाऊन पडलं.

"पाहिलंस?"

"पाहिलं," नेरेइदा म्हणाली. "आता असंच घर मोठं करून दाखव."

त्यानंतर दोन वर्षांनी नेरेइदा गेली. आजारपण फार लांबलं नाही. पंखा शेवटच्या दिवसांत आतल्या खोलीत गेला होता. नंतर तो पुन्हा डिस्कांपुढे आला, आणि कोणी काही बोललं नाही. काचाबाईसुद्धा.

मग याइमाचं निघायचं ठरलं. टँपाला, तेही समुद्रापलीकडे. तिने बापालाही चल म्हटलं.

"मी गेलो तर यांचं कोण बघणार?" ओसमेलने पट्ट्यांकडे हात केला.

"पपा, ते सगळे गेलेत. तू त्यांच्या डिस्का राखत बसणार?"

"ठेव आहे ती."

"बरं, बस." ती इरेला पेटणारी मुलगी नव्हती, आईवर गेली नव्हती. "मग मला एक दे. आईची फीत. काळोखातली. फोनवर घालून दे."

इथे ओसमेलने जे केलं ते ऐकून गल्लीने कपाळावर हात मारला. तो म्हणाला, "फोन वाटेत हरवतो. चोरीला जातो. इथे दोन डिस्कांवर आहे, सुरक्षित आहे. तू येशील तेव्हा आपण बसून बघू."

"मी कधी येईन कोणाला माहीत!"

"म्हणून तर."

म्हणून तर! हा शब्द त्याच्या तोंडून सटकला आणि तो लगेच कॉफी ठेवायला आत गेला. पोरीला कळलं. भिंतीपलीकडे ऐकणाऱ्या शेजाऱ्यांनाही कळलं. गेलेल्यांपैकी बघायला म्हणूनही फारसं कोणी परत येत नव्हतं, हे ओसमेलपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? इतक्या पट्ट्या त्याने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. मुलीच्या नावाची पट्टी त्याला लिहायची नव्हती. म्हणून त्याने आईची फीत गळाला लावली.

ती गेली. टँपाहून फोन यायचे. "पपा, फीत पाठव ना."

"नेट फार मंद आहे गं इथलं."

त्याच मंद नेटवर काचाबाई समोर बसून तुर्की मालिकेचे भागच्या भाग बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्याकडून पाठव हवं तर. माझं पळतंय."

"तुम्ही मालिका बघा हो, काचाबाई."

"बघतेच आहे. यातला बापसुद्धा तुझ्यासारखाच आहे. शेवटी एकटा मरतो."

मग त्या वर्षी नाताळच्या आधी ओरेस्तेस आला. पांढरे बूट, मनगटावर घड्याळ, आणि भाड्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी अशी उभी केली की पाववाल्याची सायकल आत येईना. सगळ्यांना साबण वाटले, मुलांना गोळ्या वाटल्या आणि ओसमेलच्या दारात उभा राहून गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय रे, माझी डिस्क आहे ना अजून?"

"आहे. पण तुझे फोटो तिच्यात नाहीत. म्हणजे आहेत, पण सगळ्यांचेच सगळीकडे आहेत. मी तुला ते काढून देतो, ह्या छोट्या..."

"माझी डिस्क मी तुझ्याकडे ठेवली होती. माझ्या नावाची."

"जोडीतली आहे ती, ओरेस्तेस. काढली तर दुसरी एकटी पडेल. मला जरा दुसरी मिळू दे, मग..."

"म्हणजे वापरलीस?" ओरेस्तेस वळून डुलखुर्च्यांच्या रांगेकडे बघून हसला. "काचाबाई, ऐकलंत? ठेव वापरली म्हणतो!"

काचाबाईंनी तोंड उघडलं. ओसमेलला कळलं की आता कुकर येणार. कुकर निघायच्या आत तो आत गेला, दोन आज्ञा टंकल्या, पेचकसाने डिस्क सोडवली आणि पट्टीसकट बाहेर आणून ओरेस्तेसच्या हातात ठेवली. कान लाल झाले होते. फोटो भरलेली पेनड्राइव्हची छोटी काडी वेगळी दिली.

"डिस्क घरी गेल्यावर कुठल्याही संगणकाला लावू नकोस," तो हळूच म्हणाला. "रिकामी दिसेल, पण रिकामी नाही. मला दुसरी मिळाली की मी तुला..."

"बरं बरं, मास्तर," ओरेस्तेस म्हणाला. डिस्क गाडीत भिरकावली आणि दुसऱ्या दारी साबण वाटायला गेला.

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक जोडीपुढे दोन 'यू' अक्षरं असतात. दोन्ही डिस्का धडधाकट असल्या की 'यू' आणि 'यू', शेजारीशेजारी. त्या दिवसापासून ओरेस्तेसच्या जोडीपुढे एक 'यू' आणि शेजारी नुसती आडवी रेघ दिसू लागली. ओसमेल ती रेघ रोज बघायचा. एकट्या माणसाला दुसरी डिस्क कुठून मिळणार? बाजारात मिळते ती मेलेली, आणि जिवंत असते ती कोणाच्या तरी घरातून गेलेली. शेवटी त्याने याइमाला सांगितलं, "येशील तेव्हा एक डिस्क आण गं. एक पाय गेलाय."

आणि काय आश्चर्य, ती म्हणाली, "येतेय. इस्टरच्या सुमाराला. फीत काढून ठेव."

ओसमेलने ही बातमी पाववाल्यालाही सांगितली. गळ लागला होता. फीत आज भांड्यातून बाहेर काढून ठेवावी, एका काडीवर, असं त्याच्या मनात एकदा आलंही असेल. पण तशी काढून ठेवली असती तर ती बाकीच्या फितींसारखीच एक झाली असती. मुलगी समोर बसलेली असताना आपण ती भांड्यातून काढायची, हा सोहळा त्याने मनात कितीदा साजरा केला होता.

इस्टरच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, सगळी गल्ली वीज यायची वाट बघत उंबरठ्यांवर बसली होती. वीज आली ती नेहमीसारखी नाही आली. खांबावरच्या पेटीतून निळा जाळ निघाला, कोणाच्या तरी फ्रीजने किंकाळी फोडली, आणि वीज पुन्हा गेली. काचाबाईंचा दूरदर्शन संच गेला. ओसमेलकडे असा झटका अडवणारा बॅटरीचा डबा होता, पण तो कधीचाच मेलेला. त्यावर नेरेइदाने लावलेली मनीप्लँटची कुंडी होती.

वीज नीट आल्यावर ओसमेलने संगणक चालू केला. जुन्या जोड्यांपैकी एकीतली एक डिस्क मेली होती. काही बिघडलं नाही. दुसरी उभी होती, सगळं सांभाळून, आरशाने आरशाचं काम चोख केलं होतं. ओरेस्तेसच्या जोडीतलीही एकच डिस्क मेली होती.

पण त्या जोडीत एकच होती.

भांड्याचा अर्धा तळ गेला.  पंखा रिकाम्या जागेवर वारा घालत होता. मग ओसमेल ताडकन उठला, चपला न घालता, आणि चढ उतरून पळत सुटला. गल्लीने त्याला पळताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"ओसमेल! कोण मेलं रे?" काचाबाई ओरडल्या.

कोणी मेलं नव्हतं, अजून आशा होती. ओरेस्तेसची डिस्क! ती जोडीतलीच होती. काढली त्या दिवसापर्यंतचं सगळं तिच्यात जसंच्या तसं होतं: वॉल्ट्झ, काळोख, ला-रा-ला, सगळं. ती फक्त कोणी लावलेली नसली म्हणजे झालं. ओरेस्तेस हायलीआला परतला होता, पण जाताना डिस्क चुलतभावाला, रेइनिएरला देऊन गेला होता, हे गल्लीत कोणाला माहीत नव्हतं? रेइनिएर खाली पुलाजवळ राहायचा.

रेइनिएर दारात तोंडभर पेरू खात उभा होता.

"ती डिस्क? आहे ना. झकास चालते."

ओसमेलने दाराची चौकट धरली. "लावलीस?"

"लावल्याशिवाय चालते कशी? आधी पडद्यावर आलं, ही वाचता येत नाही, पुसून नवी करू का? मी म्हटलं कर. रिकामीच तर होती." त्याने हाताने आत बोलावलं. "ये, बघ, अख्खी तुर्की मालिका भरलीय. काचाबाईंना हल्ली मीच देतो आठवड्याला. काय रे, पाणी देऊ?"

डिस्क टेबलावर होती. पट्टीवर 'ओरेस्तेस' अजून वाचता येत होतं. ओसमेलने ती हातात घेतली, परत ठेवली आणि चढ चढून घरी आला. काचाबाई डुलखुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर फोनमध्ये मालिकेतला बाप रडत होता.

ओसमेलने हार मानली नाही. अर्धवट भांडं अर्धवट उघडता येतं. जुन्या जोड्यांत जे होतं ते त्याने एकेक करून बाहेर काढलं. सगळे गेलेले वाचले. डॉक्टरीणबाईंचा साखरपुडा वाचला. ओरेस्तेसच्या काकाचा समुद्रकिनाऱ्यावरचा दिवस वाचला, पोटासकट. ज्यांनी आपल्या ठेवीची आठवणसुद्धा काढली नव्हती त्यांची ठेव पूर्णच्या पूर्ण वाचली. याइमाच्या पंधराव्याची सकाळ वाचली, डुक्कर वाचलं, पाहुण्यांचं येणं वाचलं. नेरेइदा दिवसभर स्वयंपाकघरात होती, ती दिवे गेल्यावर बाहेर आली. दिवे गेल्यानंतरचं काहीही नव्हतं.

मुलीला त्याने फोनवर काही सांगितलं नाही. न जाणो, सांगितलं तर यायचीच नाही.

याइमा आली. जरा जाडी झाली होती, केस कापले होते, पायांत पांढरे बूट नव्हते याचं गल्लीला बरं वाटलं. तिने बापाला मिठी मारली आणि पिशवीतून नवी कोरी डिस्क काढून टेबलावर ठेवली, अजून प्लॅस्टिकमध्ये.

"घे तुझा पाय. आता आईला दाखव."

ओसमेलने दोन खुर्च्या मांडल्या. पंखा तिच्याकडे वळवला, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. सकाळ दिसली. झगा दिसला. डुक्कर दिसलं, काचाबाई त्याची कातडी चोरून खाताना दिसल्या, आणि याइमा इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पाहुणे आले. केक आला. केक टेबलावर ठेवताना उजव्या कडेने कोणाचं तरी कोपर आत आलं, ताटली सरळ केली आणि निघून गेलं. फीत थांबली.

"पुढची लाव."

ओसमेलने पंखा आणखी थोडा तिच्याकडे वळवला.

"पपा, पुढची."

"पुढची नाही."

त्याने सगळं सांगितलं. खांब, जाळ, एक 'यू' आणि रेघ. रेइनिएरचंही सांगितलं.  शेवटी ती म्हणाली, "ओरेस्तेसने मागितली आणि तू दिलीस. त्याच क्षणी?"

"ठेव होती त्याची. सगळे बघत होते."

"आणि मी मागितली तेव्हा कोणी बघत नव्हतं."

ओसमेलने हात टेबलावर ठेवले, मग मांडीवर घेतले. म्हणाला, "ते कोपर तिचंच आहे. मी दहा वेळा पाहिलं. भाजल्याचा डाग आहे बघ. फोनवर घालून देऊ?"

याइमा उठली, पिशवी खांद्याला लावली. मावशीकडे उतरणार होती.

"राहू दे," ती म्हणाली. "फोन वाटेत हरवतो. तुझ्याकडेच सुरक्षित आहे."

बाहेर काचाबाईंनी खुर्ची डुलायची थांबवली. "काय गं, पाहिलीस का आई?"

"पाहिली, काचाबाई. केक छान होता."

ती चार दिवस राहिली, मावशीकडे. जाताना बापाला भेटून गेली, दारातूनच. आता फोन येतात, नाताळला आणि त्याच्या वाढदिवसाला. नेटबद्दल कोणी काही बोलत नाही.

नवी डिस्क ओसमेलने ती गेली त्याच संध्याकाळी बसवली. प्लॅस्टिक सोलून, वाचलेल्या डिस्कच्या शेजारी. चिकटपट्टी कापली, पेन उघडलं, आणि 'याइमा' लिहिलं. आरसा भरत गेला, आणि पडद्यावर दोन 'यू' आले, शेजारीशेजारी. इतकी धडधाकट जोडी त्याच्याकडे आजवर झाली नव्हती. परवाच कोणाला तरी कॉफी पाजताना सांगत होता, आता त्यातली एक मेली तरी हरकत नाही, त्या कोपराच्या दोन प्रती आहेत.